लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढेना

सहा महिने लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, तरी हिमोग्लोबिन ९ च्या वर सरकेना. पोटात असा पीळ पडायचा की जमिनीवर गडबडा लोळायचो. शौचाला चार-चार दिवस नाही. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, सगळं नॉर्मल. बायकोचं एकच, डबा वेळेवर खात नाही ना!

शेवटी पॅथॉलॉजीतल्या मॅडमनी रक्ताची स्लाइड स्वतः पाहिली. तांबड्या पेशींत बारीक निळे ठिपके होते. त्यांनी रिपोर्टच्या आधी फोन केला, "काम काय करता?"

बॅटरीचं दुकान. 22 वर्षं जुन्या बॅटऱ्या फोडतोय, शिसं वितळवून टर्मिनल ओततोय आणि त्याच हातानं वडापाव खातोय.

रक्तात शिसं निघालं डेसीलिटरला 72 मायक्रोग्रॅम. 5 च्या आत हवं होतं.

हे शिसं अंगात करतं तरी काय, असं विचारल्यावर डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागं चित्र काढलं. रक्ताला लाल रंग देणारं हीम तयार होताना एक प्रथिन लागतं, एएलएडी. त्यात जस्ताचा एक अणू असतो, गंधकाच्या तीन हातांनी धरलेला. शिशाची गंधकाशी फार सलगी. ते जस्ताला उठवतं आणि स्वतः तिथं बसतं. प्रथिन जागच्या जागी, पण काम बंद. पुढं हीममध्ये लोह बसवणारं प्रथिनही शिसं अडवतं. म्हणजे माल गोदामात पडून आणि मी वरून आणखी भरतोय! ते निळे ठिपकेही तसलेच. पेशीतला आरएनएचा कचरा झाडणारं प्रथिन शिशानं बंद पाडलं होतं.

औषध मिळालं डी-पेनिसिलामाइन. आधी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का ते विचारलं. उपाशीपोटी घ्यायचं, जोडीला बी-6, आणि सारखी रक्त-लघवीची तपासणी. या औषधातही गंधक आहे. शिसं त्याला चिकटतं आणि लघवीवाटे जातं. चोरावर मोर म्हणा ना.

महिन्याभरात 72 चं 31 झालं, औषध थांबलं. तीन आठवड्यांनी पुन्हा 46! दुकानाची पायरीही चढलो नव्हतो, तरी घरच्यांनी माझ्याकडेच संशयानं पाहिलं. खरा साठा हाडांत होता. मोठ्या माणसाच्या अंगातलं 90 टक्क्यांहून जास्त शिसं तिथं कॅल्शियमच्या जागी मुरलेलं असतं, रक्तातलं कमी झालं की हळूहळू हाडांतून रक्तात उतरतं. दुसरा कोर्स घ्यावा लागला. आता 19 आहे, हिमोग्लोबिन 12.4.

टर्मिनल आता तयार आणतो, भट्टी विकली. पण त्या सगळ्यात मला खरा घाम फुटला तो सात वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट आला तेव्हा: 11. तो दुकानात कधी येत नाही. माझे कामाचे कपडे मात्र घरी त्याच्या युनिफॉर्मबरोबर एकाच मशीनमध्ये धुतले जायचे, आणि घरात शिरलो की तो धावत येऊन पायाला मिठी मारायचा. त्याला औषध लागलं नाही, इतक्या आकड्याला मुलांना ते सहसा देत नाहीत. मी आता दुकानामागं अंघोळ करूनच घरी येतो. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.