लंडन हिंदी महासागरात का जाते?

भू-माहिती संघटनांचे आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटले की सामंजस्य कराराचे फोटो पुढे येतात. खरी कसोटी मेटाडेटाच्या, म्हणजे डेटाविषयीच्या माहितीच्या, रकान्यांत लागते. ब्रिटनची 'असोसिएशन फॉर जिऑग्रॅफिक इन्फर्मेशन' (एजीआय) पाहा. १९८७ मध्ये लॉर्ड चोर्ली यांच्या समितीने भौगोलिक माहितीसाठी राष्ट्रीय केंद्र सुचवले. सरकारने ते उभारले नाही. १९८९ मध्ये एजीआय उभी राहिली. सरकारी खाती, कंपन्या, विद्यापीठे, सगळे एकाच छताखाली.

१९९३ मध्ये अशा राष्ट्रीय संघटनांची युरोपीय शिखर संस्था 'युरोगी' निघाली. तिथे देशाची बाजू मांडायची तर आधी घरातली भांडणे मिटवावी लागतात. आमच्या मते परिषदांपेक्षा हा फायदा मोठा.

एजीआयचे सर्वात टिकाऊ काम म्हणजे 'यूके जेमिनी' हे मेटाडेटा मानक. २००४ चे, आयएसओ १९११५ या भौगोलिक मेटाडेटाच्या आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेले. २००७ मध्ये युरोपीय संघाचा 'इन्स्पायर' निर्देश आला, ३४ विषयांची माहिती एका साच्यात मागणारा. मग जेमिनी त्याला जुळवून घेतले गेले. पाया आंतरराष्ट्रीय मानकाचा असल्याने सगळे नव्याने मांडावे लागले नाही.

तरी नोंदी फसतात. सर्वात नेहमीची चूक अक्षांची अदलाबदल. ब्रिटिश नॅशनल ग्रिड या ब्रिटनच्या नकाशा-जाळीत (ईपीएसजी या निर्देशांक प्रणालींच्या यादीत क्रमांक २७७००) आधी पूर्वांतर (पूर्वेकडचे अंतर), मग उत्तरांतर (उत्तरेकडचे). ईटीआरएस८९ या युरोपीय संदर्भ-चौकटीच्या अक्षांश-रेखांश प्रणालीत (क्रमांक ४२५८) आधी अक्षांश. क्रम उलटला की ५१.५, -०.१ हे लंडन सोमालियाच्या पूर्वेला समुद्रात पडते. ही चूक निदान नकाशावर दिसते. डेटमची, म्हणजे मोजणीसाठी धरलेल्या पृथ्वीच्या आकार-स्थितीच्या संदर्भाची, दिसत नाही: ओएसजीबी३६ या ब्रिटिश डेटमचे अक्षांश-रेखांश जीपीएसचे समजून वापरले तर जागा सुमारे शंभर मीटर सरकते. एका डेटमवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या, सात प्राचलांच्या (ठरावीक आकड्यांच्या) हेल्मर्ट रूपांतरानेही काही मीटरांची चूक उरते, म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचे ओएसटीएन१५ हे रूपांतर वापरायचे.

आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या, एव्हरेस्ट डेटमवरच्या नकाशा-शीट जीपीएसच्या डब्ल्यूजीएस८४ डेटमवर थेट ठेवणाऱ्यांची हीच गत होते.

मेटाडेटातल्या 'वंशावळ' (डेटा कुठून, कसा आला) या रकान्यात लोक 'विविध स्रोत' लिहून मोकळे होतात. परदेशी वापरकर्त्याला त्याचा शून्य उपयोग. मूळ सर्वेक्षणाचे वर्ष, नकाशाचे प्रमाण आणि वापरलेले रूपांतर, एवढे तरी लिहा. परवान्याच्या रकान्यात नुसते 'हक्क राखीव' नको. कोणत्या कामाला वापरता येईल तेही सांगा, नाहीतर समोरचा विचारत बसण्यापेक्षा दुसरा डेटा शोधतो.