रोबुस्तो पारखताना

क्यूबन रोबुस्तो ही सिगार 124 मिमी लांब आणि 50 रिंग गेजची (रिंग गेज म्हणजे सिगारच्या जाडीचं माप), म्हणजे जेमतेम 20 मिमी जाड. पेटवण्याआधी ती बोटांनी हलकेच चाचपा. एखादी जागा कडक लागली तर तिथे पान जास्त भरलंय, ओढ अडकणार, म्हणजे धूर नीट ओढला जाणार नाही. पोकळ लागली तर तिथे भरभर आणि गरम जळणार. टोपी, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावरचं पानाचं झाकण, साधारण 2 मिमीच कापा. पातं टोपीच्या रेषेखाली गेलं की वेष्टण, म्हणजे बाहेरचं पान, उलगडायला लागतं. मग न पेटवताच एक झुरका. ओढ मोकळी आहे का, ते इथेच कळतं.

पेट्रोलचा लायटर नको, वास पानात उतरतो. ब्यूटेन घ्या आणि ज्योत न टेकवता दुसऱ्या टोकाची कड सगळीकडून तापवा. पुढे मिनिटाला एकच झुरका. घाईने पान तापून कडू होतं, चांगल्या सिगारी बहुतेक अशाच वाया जातात. धूर छातीत ओढायचा नाही, तोंडात घोळवायचा. त्यातला थोडासा नाकावाटे सोडा, बारकावे नाकालाच कळतात.

पहिल्या एक तृतीयांश भागावरून मत बनवू नका, शेवटाकडे जोर वाढत जातो. मधोमध लिहेरो हे जाड, जोरकस पान असतं, ते सावकाश जळतं. कड एकाच बाजूने जळू लागली तर मागे राहिलेल्या बाजूला ज्योत दाखवा. सारखं विझत असेल तर पान ओलं आहे. ह्युमिडॉरमधली, म्हणजे सिगारी ठेवायच्या पेटीतली, आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांवर आणा.