शॉकअपच्या पोटातलं पाणी

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. पाऊस ओसरला की परतवाड्याच्या आमच्या दुकानात मेळघाटातल्या सायकली येऊ लागतात. त्या दिवशी सकाळी काळी-पिवळी जीपच्या टपावरून एक एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल उतरली. मालक डोंगरातल्या एका आश्रमशाळेवरचे शिक्षक. खोली ते शाळा, जाऊन-येऊन २२ किलोमीटर. अर्धा रस्ता मुरमाचा, उरलेला काळ्या मातीचा, मध्ये दोन नाले. सायकल चांगली होती. पुढे हवेवर चालणारा, १०० मिमी ट्रॅव्हलचा म्हणजे तेवढा दबणारा, ३२ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा फोर्क, पुढच्या चाकाचे धक्के खाणारा. आमच्याकडे सगळे त्याला शॉकअपच म्हणतात.

सरांनी तक्रार सांगितली ती अशी : "भाऊ, सुरुवातीले गादीसारखं बसते अन् मोठा खड्डा आला का दगडासारखं लागते. हवा कमी करून पाह्यली, तरी तसंच."

किती वेळा कमी केली, विचारलं. तीन-चार खेपा.

या एका वाक्यात सगळा आजार होता, पण तो लगेच हाती लागत नाही. शॉकअप कडक लागलं की माणूस हवा सोडतो. त्याआधी ते कुठे कडक लागतं हे पाहायला हवं. पहिल्या १०-१५ मिमीतच अडखळत असेल तर सील (नळीला ओठासारखी चिकटून पाणी-धूळ अडवणारी रबरी कडी) कोरडं, त्याखालची तेल धरणारी फोमची रिंग कोरडी किंवा बुश (नळी जिच्यातून सरकते ती आतली कडी) घट्ट. मधे कडक असेल तर हवा जास्त किंवा डॅम्पिंगचा, म्हणजे दबण्या-उठण्याचा वेग आवरणारा नॉब बंद. सुरुवातीला मऊ आणि शेवटी भिंत असेल, तर हवेचा पंप बाजूला ठेवायचा.

आधी मोजमाप घेतलं. शॉक पंप लावला, काटा ५५ पीएसआयवर. सरांचं वजन ७२ किलो. या फोर्कच्या पायावरच्या तक्त्यात त्या वजनाला ८० ते ९० लिहिलेलं. त्यांना बसवून सॅग पाहिला, म्हणजे माणूस नुसता बसल्यावर शॉकअप किती दबतं ते. नळीवरची रबरी रिंग ४० मिमीवर थांबली. १०० मिमीच्या शॉकअपला १५ ते २५ मिमी पुरे. म्हणजे सर रोज जवळपास अर्धं दबलेलं शॉकअप घेऊन फिरत होते आणि खड्ड्यासाठी उरलेल्या जागेतली निम्मी जागाही मिळत नव्हती.

मग निर्णायक परीक्षा. व्हॉल्व्हची पिन हळूहळू दाबत, शॉकअप थोडं वर-खाली करत सगळी हवा काढली. एकदम काढली तर निगेटिव्ह चेंबरमधली, म्हणजे मुख्य हवेच्या उलट बाजूने दाब देणाऱ्या छोट्या कप्प्यातली हवा आत अडकते आणि शॉकअप खाली ओढलं जातं, मग परीक्षा खोटी ठरते. या शॉकअपची स्प्रिंग म्हणजे हवाच; तीच नाही म्हटल्यावर हँडलवर भार देताच शॉकअप पूर्ण १०० मिमी खाली जायला हवं. हे ६५ वर थांबलं आणि उशीसारखं परत वर आलं. तीन वेळा केलं, तीनही वेळा ६५.

हवा काढूनही उशी लागते, तर ती उशी स्प्रिंगमध्ये नाही. ती लोअरमध्ये आहे, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या पोकळ पायांत. ३२ मिमीची नळी १०० मिमी आत शिरते तेव्हा ती पायातली सुमारे ८० मिलीलिटर जागा खाते. तिथली हवा तेवढी दाबली जाणारच, आणि पाय रिकामा असेल तर ते जाणवतही नाही. पण पायात आधीच काही भरलेलं असेल तर हवेला दबायला जागा राहत नाही.

बारीक झिप टाय घेतला, त्याचं टोक घासून गोल केलं आणि डाव्या पायाच्या सीलच्या ओठाखाली हळूच सरकवलं. स्क्रू-ड्रायव्हर तिथे कधीच घालू नये. आधी फुस्स झालं. मग तपकिरी बुडबुडे आले.

सायकल स्टँडवर घेतली, चाक आणि ब्रेकचं कॅलिपर काढलं, खाली ट्रे ठेवला. पायांच्या तळाशी एकेक बोल्ट असतो, ५ मिमीच्या ॲलन कीने सुटणारा. तो पूर्ण काढायचा नाही. तीन-चार फेरे सोडायचा, डोक्यावर रबरी हातोडीने ठोकायचं, आतला दांडा सुटला की मगच काढायचा. डावा बोल्ट काढला आणि हाताखालचा पोरगा ओरडला, "भाऊ, यातून तं चहा निंगून रायला!"

खरंच चहाच्याच रंगाचं होतं. मोजपात्रात ७० मिली भरलं. उजव्या पायातून २० मिली. या मॉडेलमध्ये प्रत्येक पायात असायला हवं १० मिली तेल, आणि ते स्वच्छ. हे पाणी, तेल आणि गाळ यांचं घुसळण होतं. दोन बोटांत चोळलं तर इंजिनचे व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं खरखरत होतं. काळ्या मातीतला चिकण कण दोन मायक्रॉनहूनही बारीक, तो ओल्या सीलखालून सहज जातो. त्याच्या मागोमाग मुरमाची कच जाते. चिकणमाती ती कच धरून ठेवते आणि कच नळी घासते.

आता खरा प्रश्न होता की डाव्या पायात एवढं पाणी का. नाले दोन्ही पायांनी ओलांडले, पाऊस दोन्हीवर पडला. ७० आणि २० हा फरक वापराचा नव्हे, तिथे कुठेतरी भोक असणार.

लोअर ओढून काढले, नळ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. डोळ्यांना दिसेना. मग कापूस घेतला. दुकानात पिशवीभर असतो, घरच्या वेचणीचा, सरकी काढलेला. त्याचा सैल पेळू करून नळीवरून हलका फिरवला. डाव्या नळीच्या मागच्या अंगाला, सील असतं त्याच्या ३० मिमी वर, तंतू अडकले. भिंग धरलं तर तीन मिलिमीटरची खाच, कडा उभी राहिलेली. सील उलटून पाहिलं तर ओठावर तिच्याच रेषेत उभी चीर.

सरांना दाखवली. त्यांनी नळीकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या जीपकडे. दर पंधरवड्याला बाजाराला येताना सायकल टपावर यायची. टपाचा कॅरिअर लोखंडी अँगलचा, वर दोरी करकचून बांधलेली, आणि घाटभर ती नळी अँगलवर आदळत आलेली. खाली उतरल्यावर सायकल जायची वॉशिंग सेंटरवर. तिथे मोटरसायकल धुतात त्याच गनने, सीलपासून वीतभर अंतरावरून.

एवढं कळल्यावर साखळी जुळली. खाचेने ओठ चिरला. गनच्या पाण्याने चिरेतून वाट काढली. पाण्याने पायातली जागा खाल्ली, शॉकअप शेवटी कडक लागू लागलं. म्हणून हवा कमी केली. हवा कमी झाल्यावर शॉकअप खाली बसून चालू लागलं आणि खाच, जी पूर्वी खड्डा आला तरच सीलमधून जायची, ती आता प्रत्येक हादऱ्याला जाऊ लागली. सरांनी केलेला प्रत्येक उपाय चीर वाढवत होता. त्यांची चूक म्हणवत नाही. हवा कमी करा असंच त्यांना जो तो सांगत होता.

नुकसान किती, ते पाहिलं. लोअर मॅग्नेशियमचे. तळाच्या भोकाशी पांढरी भुकटी, म्हणजे मॅग्नेशियमचा गंज, जमली होती, पण ती ब्रशने निघाली, खड्डे पडले नव्हते. हवेच्या बाजूची सर्क्लिप (खाचेत बसून आतले भाग धरणारी कडी) गंजलेली, ती बदलली. लोअरच्या आत बसवलेल्या बुशवर करडा निसरडा थर असतो. थर झिजला की खालचं कांस्य चमकायला लागतं. डाव्या वरच्या बुशची मागची बाजू चमकत होती. चाकाला बसणारा धक्का लोअरला मागे ढकलतो, म्हणून वरचं बुश नळीच्या मागच्या अंगावर दाबतं आणि झीज आधी तिथेच दिसते. बुश बदलायला खास अवजारं लागतात, ती आमच्याकडे नाहीत. सकाळी चाक असताना ब्रेक दाबून, सील आणि नळीच्या सांध्यावर बोट ठेवून पुढे-मागे हलवून पाहिलं होतं. किंचित खेळ होता, खडखड नव्हती. सरांना तसं स्पष्ट सांगितलं : हे वर्ष निघेल, पुढच्या वर्षी लोअर बदलावे लागतील.

उजव्या बाजूचा डॅम्पर उघडला नाही. दांडा हाताने दाबला, कुठेही पोकळ धक्का न देता सरळ गेला. बाहेर आलेल्या द्रवात डॅम्परच्या तेलाचा लाल रंग नव्हता. चालतंय ते उघडू नये.

नळीवर वेळ घालवला. ॲनोडायझिंगचा कडक थर एकदा गेला की दुकानात परत चढवता येत नाही. खाच उथळ असली तरच काम होतं. आधी २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फक्त उभ्या कडेवर फिरवला, तोही नळीभोवती आडवा. उभा घासला तर उभ्या रेघा पडतात आणि तेलाला बाहेरची वाट मिळते. नखाला कडा लागेनाशी झाली तेव्हा खड्ड्यात सुईच्या टोकाने दोन भागांचा इपॉक्सी भरला आणि फोर्क रात्रभर टांगून ठेवला. सर परतवाड्यातच नातेवाइकांकडे राहिले.

सकाळी इपॉक्सी त्याच पेपरने नळीच्या पातळीला आणला. पुन्हा कापूस फिरवला. एकही तंतू अडकला नाही.

मग जोडणी. लोअरमधली बुशं काठीला चिंधी गुंडाळून, अल्कोहोल लावून पुसली. चिंधी पांढरी निघेपर्यंत, नऊ वेळा. जुनी सीलं टायर लिव्हरने उचलली, खाली कापड ठेवून, म्हणजे लोअरच्या काठाला दात पडत नाहीत. फोमच्या नव्या रिंगा सस्पेन्शनच्या तेलात भिजवल्या. कोरडी रिंग बसवली तर पहिल्या दिवसापासून नळी कोरडी चालते. नवी सीलं सरळ बसावीत म्हणून योग्य मापाच्या पीव्हीसी पाइपचा सरळ कापलेला तुकडा वापरतो. सील तिरकं बसलं तर एका बाजूने गळणारच. ओठाच्या आतून सस्पेन्शनचं ग्रीस, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. ट्रॅक्टरच्या डब्यातलं जाड ग्रीस घालू नका. ते धूळ धरतं आणि शॉकअपचा पहिला हलका हादरा खाण्याची ताकद घालवतं.

लोअर अर्धे चढवले, दांडे तळाला टेकू दिले नाहीत. फोर्क आडवा तिरका करून तळाच्या भोकांतून सिरिंजने प्रत्येकी १० मिली तेल सोडलं. हा आकडा याच मॉडेलचा. तुमच्या फोर्कच्या माहितीपत्रकात डाव्या-उजव्या पायाचं प्रमाण वेगळं असू शकतं, ते पाहूनच घाला. जास्त तेल घातलं तर काय होतं ते वरच्या ७० मिलीने दाखवलंच आहे, तेलही पाण्याइतकीच जागा खातं. नंतर लोअर पूर्ण ढकलले, बोल्टला नवे वायसर, टॉर्क पान्हा ७ न्यूटन-मीटरवर.

हवा भरण्याआधी पुन्हा तीच परीक्षा. शॉकअप १०० मिमी खाली गेलं, तळाला टेकल्याचा आवाज आला. सर बाकावरून उठून जवळ आले.

आधी ५० पीएसआय भरून पाच-सहा वेळा दाबलं, म्हणजे दोन्ही चेंबरमधली हवा समान होते. मग ८२. सरांना बसवलं, सॅग २० मिमी. सांगितलं की ही हवा दुकानातल्या दुपारच्या ३६ अंशांत भरली आहे. वर पहाटे १८ अंश असेल तेव्हा काटा पाचेक पीएसआय कमी दाखवेल, ती गळती समजू नका. उन्हाळ्यात उलट होतं. हिवाळी पहाटे भरलेली हवा मे महिन्यात कडक लागते.

मग तासांचा हिशेब मांडला. लोअरची तेल-सफाई ५० तासांनी करावी असं बरेच उत्पादक सांगतात. सरांचे रोजचे दीड तास, म्हणजे साडेपाच-सहा शाळेचे आठवडे. मागच्या दिवाळीला घेतलेली सायकल एकदाही उघडली नव्हती, तोवर तीनशे तास झाले असतील. पावसाळ्यात मेळघाटातल्या सायकलीला मी ५० ची वाटही पाहत नाही, ३० तासांना लोअर काढतो. सीलचा संच फोर्कच्या किमतीच्या दहाव्या भागाच्या आसपास येतो. नळ्या गेल्या तर जवळपास नवा फोर्क.

धुण्याचंही ठरलं. बादली, मऊ कापड, साधं पाणी. चिखल वाळायच्या आत पुसायचा, कारण वाळलेली काळी माती नळीवर पापुद्रा धरते आणि पहिल्याच दाबाला तो पापुद्रा ओठाखाली जातो. गंज सोडवणारा स्प्रे नळीवर मारायचा नाही, तो आतलं ग्रीस धुऊन काढतो. सायकल उलटी करून ठेवली की तेल फोममध्ये उतरतं, हे सरांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. खरं आहे. 

दुपारची जीप लागली तेव्हा पोरग्याने जुन्या ट्यूबचे वीतभर लांबीचे दोन तुकडे उभे चिरून आणले आणि दोन्ही नळ्यांवर गुंडाळून वेल्क्रोने बांधले. सरांना म्हणालो, टपावर चढवताना बांधायचे, उतरली की आठवणीने काढायचे. चालवताना राहिले तर त्यांच्या आत कच साठेल. सरांनी ड्रायव्हरला सायकलचा पुढचा भाग अँगलपासून दूर, गव्हाच्या पोत्यावर टेकवायला लावला आणि दोरी स्वतः बांधली.