शोधपेटीची प्रगती : एका यादीवर कीबोर्ड आणि माऊस

नोट्स शोधायच्या माझ्या छोट्या टूलमध्ये या खेपेला टाइप करताना जुळत्या नोट्स सुचवणारी यादी हातात घेतली. शोध आधीपासून बरा चालतोय, त्याबद्दल पुन्हा केव्हातरी. आता प्रश्न एवढाच, की पेटीखाली उघडणाऱ्या यादीवर हुकूम कोणाचा?

टाइप करणाऱ्याचा माऊस बाजूला पडलेला असतो, पण त्याचा बाण स्क्रीनवर कुठेतरी असतोच. यादी नेमकी त्याच्याखाली उघडली, की ब्राउझरला वाटतं बाण चौथ्या ओळीवर आला. माऊसएंटर (बाण ओळीवर आल्याचा ब्राउझरचा इशारा) सुटतो, चौथी ओळ रंगते आणि एंटर दाबल्यावर भलतीच नोट उघडते. ॲरोच्या कळीने खाली जाताना यादी स्क्रोल झाली, की पुन्हा तेच.

यावर दोन रंगांचा एक उपाय बऱ्याच ठिकाणी दिसतो: होव्हरला (बाण नुसता ओळीवर असताना) फिका, कीबोर्डच्या निवडीला गडद. करून पाहिला, मला पटला नाही. दोन ओळी एकदम उजळल्या की एंटर कुठली उघडणार हे दर वेळी आठवावं लागतं. म्हणून आता रंगलेली ओळ एकच, आणि शेवटची हालचाल ज्याची त्याचं राज्य. सीएसएसमधला (पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या कोडमधला) होव्हर काढून टाकला. माऊसमूव्ह (माऊस हलल्याचा इशारा) आला तरी बाणाची स्क्रीनवरची जागा आधीच्या जागेशी ताडतो. ती तीच असेल तर माऊस हललेला नाही, सोडून द्यायचं. खरा हलला तरच निवड त्याच्याकडे जाते.

पहिली ओळ आपोआप निवडलेली असावी का, यावर मतं वेगळी असतील. कमांड पॅलेटमध्ये (ठरावीक आज्ञांतून एक निवडायच्या पेटीत) जरूर असावी, तिथे यादीबाहेरचं काही मागायचंच नसतं. मुक्त शोधात मात्र नको. मी लिहिलेला शब्द शोधणं हाच तिथे एंटरचा अर्थ, आणि तो बदलायचा तर आधी ॲरो दाबलेला हवा.

यादीची लांबी ठरवायला जुना हिशेब कामी आला. कार्ड, मोरन आणि न्यूवेल यांनी 1980 मध्ये मांडलेल्या कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेलमध्ये (कळी आणि माऊसच्या हालचालींवरून कामाला लागणारा वेळ काढायच्या पद्धतीत) सराईत टायपिस्टच्या एका कळीला साधारण 0.2 सेकंद, कीबोर्डवरून माऊसवर हात नेण्याला 0.4 आणि बाण लक्ष्यावर नेण्याला 1.1 सेकंद धरतात. क्लिकचे 0.2 मिळवले तर माऊसची एक फेरी 1.7 सेकंदांची. सात ॲरो आणि एक एंटर मिळून होतात 1.6. आठव्या ओळीपासून माऊस पुढे जातो, म्हणून माझी यादी सात ओळींची. आकडे सरासरीचे आहेत आणि ॲरोपर्यंत हात न्यायचा वेळ मी धरलेला नाही, त्यामुळे हे काटेकोर मोजमाप नव्हे. पण 'दहा बरे दिसतात' यापेक्षा बरं कारण आहे. हात आधीच माऊसवर असेल तर गणित उलटतं. तिथे फिट्सचा 1954 चा नियम: लक्ष्य मोठं आणि जवळ असेल तर बाण लवकर पोचतो. म्हणून नुसती अक्षरं नव्हेत, कडेपासून कडेपर्यंत सगळी ओळ क्लिक होते.

क्लिकची एक खोच सगळ्यांना माहीत असेल. माऊसडाऊन (बटण खाली दाबलं जाणं) होताच पेटीचा फोकस (टाइप केलेलं तिथे उमटणं) जातो, ब्लर (फोकस गेल्याचा इशारा) यादी बंद करतो, आणि क्लिक पोचायच्या आत ओळच नाहीशी. सेटटाइमआउट लावून वेळकाढूपणा करणारा कोड मला बघवत नाही. यादीवरच्या माऊसडाऊनला प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरची नेहमीची कृती थांबवणं) पुरतं. शिवाय फोकस पेटीतच राहतो, त्यामुळे माऊस वापरून लगेच पुढचं टाइप करता येतं. ॲरोने फिरतानाही फोकस हलत नाही; कुठली ओळ चालू आहे हे स्क्रीन रीडरला (स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) 'एरिया-ॲक्टिव्हडिसेंडंट' सांगतं.

सर्वांत जास्त वेळ शॉर्टकटने खाल्ला. पेटीत जायला तिरकी रेघ (/) सोयीची, पण इन्स्क्रिप्ट (मराठी टायपिंगचा एक कळफलक) चालू असेल तर त्या कळीवर 'य' येतो. कळ दाबल्याच्या इव्हेंटमधल्या 'की'वर (उमटणाऱ्या अक्षरावर) विसंबलो तर शॉर्टकट मुका, 'कोड'वर (कळीच्या जागेवर) विसंबलो तर कळफलक बदलला की कळ भलतीच. आता दोन्ही तपासतो आणि फोकस कुठल्याही इनपुटमध्ये असेल तर हात लावत नाही. एकाच अक्षराच्या शॉर्टकटबद्दल 2018 च्या डब्ल्यूसीएजी 2.1 मध्ये (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या नियमावलीत) निकष आहे: तो बंद करता यावा, बदलता यावा किंवा त्या घटकावर फोकस असतानाच चालावा. बंद करायचं बटण दिलंय. कंट्रोल-के टाळलं, कारण फायरफॉक्समध्ये ते ब्राउझरच्या स्वतःच्या शोधाचं आहे.

फोनेटिक टायपिंगमध्ये एंटरने आधी शब्द पक्का होतो, तो एंटर आपला नाही. 'इजकंपोझिंग' (शब्द अजून जुळवला जातोय ही खूण) पाहून सोडायचा. सफारीत कंपोझिशन (शब्दाची जुळवणी) संपल्यावर कीडाऊन (कळ दाबल्याचा इशारा) येतो, तिथे त्या कळीचा आकडा, कीकोड 229, हीच खूण.

एस्केप पहिल्यांदा यादी मिटवतो, दुसऱ्यांदा पेटी रिकामी करतो. माऊसवाल्यांसाठी फुली आहे, आणि ती दाबल्यावर फोकस पेटीत परततो.

उरलंय ते नव्या टॅबचं. ओळी खऱ्या लिंक असल्याने मधल्या बटणाचं क्लिक फुकटात चालतं. फोकस पेटीत असल्याने कंट्रोल-एंटर मात्र हाताने लिहावं लागणार, आणि तेव्हा यादी उघडी ठेवायची की मिटवायची हे अजून ठरत नाहीये. माझा कल उघडी ठेवण्याकडे आहे.