रॅकवरची पांढरी रेघ

शिवडीच्या काकांची २००४ सालची मारुती ८००. तक्रार एकच: "वळल्यावर स्टिअरिंग सरळ येत नाही रे, ओढून आणावं लागतं." दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या गॅरेजात त्यांनी स्टिअरिंगचा 'प्ले' (ढिलेपणा) काढून घेतला होता. तिथेच मला शंका आली.

गाडी जॅकवर घेतली. डावं चाक घड्याळाच्या नऊ-तीनवर धरून हलवलं, खटखट. बारा-सहावर काही नाही, म्हणजे बेअरिंग आणि बॉल जॉइंट शाबूत. पोऱ्याला स्टिअरिंग हलवायला लावून टाय रॉड एंडवर, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यावर, बोटं ठेवली, खटका थेट बोटांत. त्यावरचं रबरी बूट फाटलेलं, आत ग्रीसऐवजी गंजाचं पाणी. दर पावसाळ्यात हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर दुसरं काय होणार!

प्ले होता टाय रॉड एंडचा आणि आधीच्या मेकॅनिकने आवळला होता रॅक. रॅक म्हणजे चाकं वळवणारा दातेरी दांडा; त्याला पिनियनवर, म्हणजे स्टिअरिंगने फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकावर, दाबून धरणारा एक स्क्रू असतो, आत स्प्रिंग. आपल्याकडे गाडी बहुतेक सरळच सरकते, त्यामुळे रॅकचे मधले दात झिजतात, कडेचे नव्यासारखे राहतात. मधला ढिलेपणा जाईस्तोवर स्क्रू आवळला, की वळताना कडेचे दात अडकणारच. पाच मिनिटांत गिऱ्हाईक खूश. याला मी काम म्हणत नाही.

दोन्ही टाय रॉड एंड बदलले. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं हलकं लागेपर्यंत स्क्रू सैल केला. अलाइनमेंट करून काळाचौकीला चक्कर मारली. वळणातून निघताना पकड सैल सोडली, तर स्टिअरिंग हातातून सरकत आपोआप सरळ झालं. त्या क्षणासाठी मी हे काम करतो.

मधे बोटभर प्ले मात्र उरला.

"काका, हा रॅकच्या झिजेचा. नवा रॅक टाकू."

"गाडीची किंमत किती उरलीय आता? तू जरा आवळून दे."

नाही आवळला. बोटभर प्ले सांभाळता येतो, अडकलेलं स्टिअरिंग वळणावर घात करतं, हे परोपरीने सांगितलं. काका नाराजच गेले. त्याआधी स्क्रू आणि तो जागच्या जागी धरणारा लॉकनट, दोन्हींवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली होती.

परवा ऑइल बदलायला आले. स्टिअरिंग आता एकदम टाइट आहे म्हणाले. खाली शिरलो. रेघ तुटली होती, स्क्रूवरचा तुकडा पाव फेरा पुढे.

पाना उचलला, तर काका म्हणाले, "तिथे हात लावू नकोस."

बिलावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: रॅक अडकतोय, गाडी चालवू नये. त्यांनी न वाचताच घडी घालून खिशात ठेवलं. किल्ली मीच त्यांच्या हातात दिली. द्यायला नको होती.