शेवेचा चुरा आणि अडलेले रोबोट

दिवाळीच्या तोंडावर इंदूरच्या आमच्या कुरिअरच्या सॉर्टिंग सेंटरमध्ये पार्सलं छाटणारे रोबोट एकाच पट्ट्यात अडायला लागले. देवास नाक्याकडच्या दुकानदारांचा माल ज्या टेबलावर चढतो, तिथून पुणे-मुंबईच्या च्यूटांकडे, म्हणजे पार्सल खाली सोडायच्या घसरगुंड्यांकडे, जाणारी ती वाट. एरर दर वेळी तोच: कोड सापडला नाही.

माणूस रोबोटच्या ट्रेवर पार्सल ठेवतो, वरचा कॅमेरा बारकोड वाचतो, पिनकोडवरून सर्व्हर च्यूट ठरवतो, रोबोट तिथे जाऊन ट्रे कलती करतो. हे बघणाऱ्याला दिसतं. दिसत नाही ते हे, की रोबोटला वाट कळते ती फरशीवर चिकटवलेल्या क्यूआर स्टिकरांमुळे. पोटाखालचा कॅमेरा एलईडीच्या उजेडात स्टिकर वाचतो आणि आपण मध्यापासून किती सरकलोय, किती तिरके झालोय ते सुधारून घेतो. दोन स्टिकरांच्या मधे सगळा भरवसा चाकांचे फेरे मोजणाऱ्या एन्कोडरवर आणि वळण मोजणाऱ्या जायरोवर. चाक घसरलं तर एन्कोडर फेरे मोजतच राहतो, रोबोट मात्र तेवढा पुढे गेलेला नसतो. पुढचा स्टिकर कॅमेऱ्याच्या चौकटीत आला नाही की तो जागीच थांबतो. थांबायलाच हवं. पण त्याची जागा सर्व्हर बंद करतो, मागचे वळसा घेऊ बघतात, आणि अरुंद वाटेवर वळशाला जागाच नसते.

पुरवठादाराच्या इंजिनिअरांनी वाय-फायवर बोट ठेवलं. कुठलाही बिघाड असो, त्यांचं पहिलं उत्तर हेच. नेटवर्क तुटतं तेव्हा एरर वेगळा येतो, आणि तो एकाच टेबलाच्या वाटेवर कशाला येईल? मी एररच्या नोंदी फरशीच्या नकाशावर मांडल्या. सकाळी तुरळक, दुपारच्या गाड्या रिकाम्या व्हायला लागल्या की दाट.

उलगडा केला सफाईच्या मावशींनी. म्हणाल्या, “साहेब, इथलं कितीही पुसा, घटकाभरात परत चिकट होतंय. बाकी कुठं असं नाही.” वाकून मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. स्टिकरवर तेलाचा तवंग आणि त्यात पिवळे कण. शेव.

दुकानात शेवेचं पाकीट भरताना सीलच्या जागी चुरा किंवा तेल राहिलं की प्लॅस्टिक नीट वितळून जुळत नाही. तिथे ते धडधाकट दिसतं. गाडीत वर वजन पडलं की तिथूनच उघडतं. बाहेरची कुरिअरची पिशवी चिकटपट्टीची, तिच्या कोपऱ्यातून चुरा वाट काढतो. ट्रेवरून तो फरशीवर सांडतो आणि पॉलियुरेथेनची चाकं तो चिरडत पुढे नेतात. म्हणजे एकाच तेलाने दोन दुखणी: चाक घसरतं, आणि मॅट स्टिकर चकाकायला लागल्याने एलईडीचा उजेड उलटा कॅमेऱ्यात शिरतो.

फिनाइलने पुसणं थांबवलं, कारण त्याचाही थर उरतो. थर न ठेवता उडून जाणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न सुटणाऱ्या धाग्यांचं फडकं घेतलं. आधी त्या वाटेवरच्या रोबोटांची चाकं, मग कॅमेऱ्याची काच, शेवटी स्टिकर. चाकं तशीच सोडली तर पुसलेली फरशी ती पुन्हा माखतात. कडा उचललेले स्टिकर बदलले आणि नवा प्रत्येक स्टिकर जुन्याच्या मध्यावर, त्याच दिशेने बसवला. तिरका बसला तर रोबोट तिरकं चालणंच बरोबर धरतो. संध्याकाळपर्यंत वाट मोकळी झाली.

नमकीनची पार्सलं हाताने छाटायच्या पट्ट्यावर वळवावीत, असं मी सुचवलंय. पण आत काय आहे ते आमच्या लेबलावर छापलेलं नसतं. फार तर पाठवणाऱ्याच्या कोडवरून ओळखता येईल, आणि मग ऐन सणात हाताच्या पट्ट्यावर ढीग साचेल. वरच्यांना तासाला किती पार्सलं हा आकडाच दिसतो. मावशींच्या फडक्याला त्यात कुठेच जागा नाही. खरा इलाज दुकानातच आहे: बाहेरच्या पिशवीत घालण्याआधी पाकीट तळहाताने दाबायचं आणि हवा सुटली तर परत सील करायचं. हे दुकानदाराला सांगायचं कुणी? पिकअपची पोरं सांगू शकतील, पण एका दुकानावर त्यांना जेमतेम स्कॅन करून पोतं उचलण्यापुरताच वेळ मिळतो. तो वेळ वाढवून मागणारा मेल मी पाठवलाय. उत्तर आलेलं नाही.