मूकपटांच्या नोंदी : हरिश्चंद्र अखेर चालायला लागला, कृष्ण मात्र अडलाय

हरिश्चंद्र चालायला लागला. तुरुतुरु नाही, राजासारखा. घरच्या प्रोजेक्टरवर मूकपट त्यांच्या मूळ वेगाने चालवायच्या माझ्या खटपटीबद्दलच्या मागच्या नोंदीनंतर ज्यांनी 'सोड नाद, जसा आहे तसा बघ' असा सल्ला दिला होता, त्यांच्यासाठी ही बातमी सर्वात वर. कृष्णाच्या 'कालिया मर्दन'चं घोंगडं मात्र अजून भिजतच पडलंय, त्यामुळे पुढची बरीचशी जागा त्याच्या रडगाण्यात जाणार.

आधी फुटांचा हिशेब पुन्हा मांडतो, कारण गेल्या वेळी त्यावरूनच वाद पेटला. ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. सेकंदाला १६ फ्रेम सोडल्या तर एक फूट म्हणजे एक सेकंद, मिनिटाला ६० फूट. बोलपट आल्यावर २४ चा वेग कायम झाला, म्हणजे मिनिटाला ९० फूट. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला तेव्हा तो ३७०० फुटांचा होता. त्याची लांबी जिथे तिथे '४० मिनिटं' अशी छापलेली सापडते. ३७०० ला ९० ने भागा, ४१ येतात. म्हणजे बोलपटाचा भाजक मूकपटाला लावलेला दिसतो! १६ च्या वेगाने हाच चित्रपट एक तास आणि वर दोन मिनिटं घेतो. आज उरलेल्या सुमारे १४७५ फुटांचंही तेच. एका हिशेबाने सोळा-साडेसोळा मिनिटं, दुसऱ्याने जवळपास पंचवीस. (ही उरलेली रिळं १९१३ ची नसून १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत, असं काही अभ्यासक म्हणतात. तो वाद मोठा आहे, इथे उकरत नाही.)

कागदावर सगळं सोपं आहे. व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वेग ०.६४ करायचा की फाइलच्या सेकंदाला २५ फ्रेमच्या १६ झाल्या. प्रत्यक्षात माझ्याकडच्या प्रतीत राणी हात उचलते आणि तो हात अडखळत, गचके खात वर जातो. 'ई'ची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे सरकवली तेव्हा कारण कळलं. काही पट्ट्यांत प्रत्येक दुसरी फ्रेम दोनदा छापलेली आहे. १६ चा माल २४ वर नेण्याची ही जुनी युक्ती. काही पट्ट्यांत तसं काहीच नाही, फ्रेमला फ्रेम. शिवाय मधूनच दोन फ्रेम एकमेकींत मिसळून गेलेल्या, म्हणजे तारामतीला चार हात. हे पाप व्हिडिओवर उतरवताना घडलेलं. एकाच फाइलमध्ये तीन तऱ्हा असल्यावर एकच वेग लावून काय होणार?

मग एफएफएमपेग या व्हिडिओ फाइलींवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमला शरण गेलो. त्यातला जुळ्या फ्रेम गाळणारा फिल्टर उत्तम आहे, पण जुन्या प्रिंटवर तो चकतो. ओरखडे आणि धूळ दर फ्रेमला बदलतात, त्यामुळे दोन जुळ्या फ्रेम त्याला वेगळ्या वाटतात. तर हरिश्चंद्र स्तब्ध उभा असला की दोन खऱ्या फ्रेम सारख्या समजून तो एक खाऊन टाकतो. शेवटी फाइलचे तुकडे पाडले, ज्या तुकड्यांत जुळ्या आहेत तिथेच फिल्टर लावला आणि बाकीचं हाताने निवडलं. वेळ किती गेला हे घरी विचारू नका.

फ्रेम शुद्ध झाल्या तरी पडद्यावर गचका होताच. हा दोष प्रोजेक्टरचा. तो सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करतो. ६० ला १६ ने भागलं की पावणेचार, म्हणजे बहुतेक फ्रेम चार वेळा दिसतात आणि अधूनमधून एखादी तीनच वेळा. डोळ्याला तीच लंगड जाणवते. जुन्या मूकपटांच्या प्रोजेक्टरांत तीन पात्यांचं शटर असायचं. प्रत्येक फ्रेम तीनदा लखलखायची, १६ त्रिक ४८, आणि फडफड सुसह्य व्हायची. माझ्या प्रोजेक्टरला ४८ येत नाही, पण ५० येतं. ५० भागिले ३ म्हणजे १६ आणि दोन तृतीयांश! फाइल १६.६७ वर बांधली, प्रोजेक्टर ५० वर टाकला, आणि प्रत्येक फ्रेम बरोब्बर तीनदा. हँडलच्या कॅमेऱ्यात एका फेऱ्याला ८ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे. फाळक्यांचे कॅमेरामन त्र्यंबक तेलंग भर उन्हात हाताने हँडल फिरवत होते, त्यांच्या हातात याहून जास्त फरक पडलेला असणार. तेव्हा त्या दोन तृतीयांशावरून कोणी हुज्जत घालू नये.

सुरुवातीचं धनुर्विद्येच्या धड्याचं दृश्य या वेगाने पाहिलं. इतकी वर्षं ते झटपट उरकलेलं वाटायचं. आता राजा बाण लावून दाखवतो, रोहिदास ते बघतो, मग स्वतः करतो, आणि मधल्या त्या बघण्याला वेळ मिळतो. दत्तात्रय दाबके आणि लहानगा भालचंद्र यांच्यात बापलेकाचं काहीतरी चाललंय हे पहिल्यांदा दिसलं. साळुंक्यांची तारामतीही सावकाश वळते, पदर सावरते. नाटकी आहे, पण नाटकाला त्याची लय मिळाली. तोच तुकडा वेगवेगळ्या वेगांनी, काही न सांगता काकूंना दाखवला. २५ वर त्या म्हणाल्या, "यांना कुठली गाडी पकडायचीय?" १६.६७ वर काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. मला तेवढं पुरे.

आता रडगाणं. 'कालिया मर्दन' (१९१९) फाळक्यांचा सर्वात जास्त शाबूत राहिलेला चित्रपट. सुमारे ६००० फुटांपैकी ४४४१ फूट हाती आहेत. १६ च्या हिशेबाने ७४ मिनिटं, २४ च्या हिशेबाने ४९. नाशिकला हिंदुस्थान फिल्म्सचं बस्तान बसल्यावरचं काम, त्यामुळे सफाईही जास्त. तोच वेग लावला आणि सुरुवातीलाच आपटलो. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, सात वर्षांची, कृष्ण होण्याआधी कॅमेऱ्यासमोर नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव करून दाखवते. तो तुकडा १६.६७ वर जड होतो. हसू येतं आणि तिथेच थिजतं, राग चढायला फार वेळ घेतो. २० वर मात्र तीच पोरगी जिवंत, खट्याळ. बरं, सगळंच २० वर करावं तर पुढे काठावरची गर्दी मुंग्यांसारखी पळायला लागते.

खरा वेग मोजायचा कसा? पहिला उपाय चालीचा. साधा माणूस सेकंदाला दोनाच्या आसपास पावलं टाकतो, म्हणजे १६ च्या चित्रणात एका पावलाला आठ-नऊ फ्रेम. मोजल्या. कुठे आठ, कुठे अकरा. पण अकरा म्हणजे हँडल जोरात फिरत होतं, की नट संथ चालत होता? आपल्याकडे राजाचा किंवा देवाचा रंगमंचावरचा प्रवेश म्हणजे मुळातच मोजून टाकलेली पावलं. अभिनय आणि हँडल वेगळे काढता येत नाहीत.

दुसरा उपाय गुरुत्वाकर्षणाचा. ते अभिनय करत नाही. वस्तू किती उंचीवरून पडली आणि त्याला किती फ्रेम लागल्या, एवढं कळलं की वेग निघाला. 'हरिश्चंद्र'मधल्या स्नानाच्या दृश्यातलं पाणी वापरावं म्हटलं, पण या प्रतीत थेंब कसले, पांढरे फराटे दिसतात. मग 'कालिया'त एका पोराची उडी धरली. पाय जमिनीवरून सुटून परत टेकेपर्यंत सात ते आठ फ्रेम. उंची त्याच्याच अंगावरून ताडली, वीतभर, २० सेंटिमीटर धरा. उत्तर आलं साडेअठरा. नाचावंसं वाटलं. मग उंचीत पाचच सेंटिमीटर इकडेतिकडे करून पाहिलं. १५ धरली तर साडेएकवीस येतात, २५ धरली तर साडेसोळा. म्हणजे सगळे उमेदवार निवडून आले. पाच सेंटिमीटर म्हणजे या प्रतीत बोटभर पुसट कडा, ती मी कुठून नक्की करू?

तिसरा उपाय दृश्यांच्या मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांचा, म्हणजे तो मजकूर मोठ्याने वाचायला किती वेळ मिळतो ते बघायचं. त्या काळी थिएटरात कोणीतरी पाट्या वाचून दाखवायचं, तेव्हा वेळ ऐसपैस हवा. पण पाट्या वेगळ्या चित्रित होऊन मागाहून जोडल्या जात. त्यांच्यावरून दृश्यांचा वेग काढणं म्हणजे पाकिटावरून पत्रातला मजकूर सांगणं.

इथवर लिहिता लिहिता एक गोष्ट डोक्यात आली आणि ठरवलेलं सगळं बदलतोय. मी अख्ख्या चित्रपटासाठी एक आकडा शोधतोय, पण असा आकडा असायलाच हवा असं थोडंच आहे? तेव्हाचा ऑपरेटर दृश्य बघून हात हलका-जड करायचाच. तर प्रत्येक रिळाला वेगळा वेग. माझ्या प्रोजेक्टरवर ५० ला १६.६७ स्वच्छ बसतो आणि ६० ला २० (तिथेही तीन-तीनच वेळा). अडचण एवढीच की ५० वरून ६० वर जाताना पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो. होऊ दे! एकाच प्रोजेक्टरवर चालणाऱ्या थिएटरात रीळ बदलताना खेळ थांबायचाच. तेवढ्यात पेटीवाला एक तान घेईल. मंदाकिनीचे भाव आणि कृष्णाच्या खोड्या २० वर, यमुनाकाठ १६.६७ वर. रविवारी करून बघतो.

आता चार शब्द हत्यारांबद्दल. टीव्हीवर बघणार असाल तर हालचाल 'गुळगुळीत' करणारी सोय आधी बंद करा. त्यात यंत्र स्वतःच्या मनाने मधल्या फ्रेम रचतं. त्याहून वाईट म्हणजे हल्ली फिरणाऱ्या रंगवलेल्या, ६० फ्रेमच्या, 'नव्यासारख्या' प्रती. चेहरे मेणाचे, बोटं वितळलेली, आणि मूळ फ्रेम परत काढायची सोय उरत नाही. ओरखडे असलेली मळकी प्रत हजारपट बरी. एका विक्रेत्याकडून 'शुद्ध प्रत' म्हणून घेतलेल्या तबकडीत तर चित्र रुंद पडद्याला बसवायला वरून-खालून कापलेलं निघालं. देवांचे मुकुट गेले, पावलंही गेली. मूकपट ४:३ च्या आसपासच्या चौकटीतच बघायचा, बाजूच्या काळ्या पट्ट्यांना घाबरू नये.

आणि सगळंच हळू करत सुटू नका. चॅप्लिन, कीटन यांच्या पळापळीत मुद्दाम कमी फ्रेम टिपून वेग वाढवलेला असतो, तो काढलात तर विनोदच मरतो. पुण्यात झालेला 'दिलेर जिगर' (१९३१) अजून न पाहिलेल्यांनी जरूर पाहावा. त्यातली तलवारबाजीही चपळच शोभते, आणि पुढे खाष्ट सासू म्हणून ज्यांना ओळखलं त्या ललिता पवार इथे तरुण नायिका आहेत. मूकपटाची सवय नसलेल्या पाहुण्यांसाठी माझी पहिली शिफारस अजूनही 'प्रपंच पाश' (१९२९). त्याची डागडुजी केलेली प्रत इतकी सुरेख आहे की वेगाचा विचार डोक्यात येत नाही.

हे चालू असताना नवीन किडा डोक्यात शिरलाय. बोलपटही यातून सुटलेले नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच व्हीसीडी पाल या टीव्ही पद्धतीच्या, सेकंदाला २५ फ्रेमच्या, म्हणजे २४ चा चित्रपट त्यांवर २५ ने पळतो. 'संत तुकाराम' (१९३६) १३१ मिनिटांचा, तो अशा तबकडीवर १२६ मिनिटांत संपतो. चित्रात कळत नाही, पण आवाज पाऊण अर्धस्वराने चढतो. विष्णुपंत पागनीसांच्या अभंगाबरोबर पेटी धरायला गेलं की सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकतो, हे पेटीवाल्या मित्राने मागेच सांगितलं होतं. तेव्हा मी प्रिंटला बोल लावला होता, आता संशय वेगावर आहे. वेग ०.९६ करा आणि व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये आवाजाची पट्टी तशीच राखणारी सोय काढून टाका, नाहीतर गाणं लांबेल पण सूर उतरणार नाही. यावर ताडून बघायला जुनी ध्वनिमुद्रिका घ्यावी म्हटलं, तर तबकडीच्या यंत्राचा वेग तरी कोणी तपासलाय?

तूर्त 'कालिया'चं पहिलं रीळ २० वर बांधून ठेवलंय. कोणाकडे त्याची न कापलेली, जुळ्या फ्रेम नसलेली प्रत असेल तर कळवा, त्या पोराच्या उडीचे पाय जरा नीट दिसले तरी पुष्कळ. आणि ४८ चालणारा प्रोजेक्टर बेताच्या किमतीत कोणाला मिळाला असेल, तर तेही.